बोळवण

शास्त्रपाठ : रोमकरांस पत्र 15:22-29, योहानाचे तिसरे पत्र 5-8



आपल्या मराठी भाषेत 'बोळवण' हा एक जुना, घरगुती शब्द आहे. लेक सासरी निघाली म्हणजे तिची बोळवण होते. साडीचोळी दिली जाते, वाटेसाठी शिदोरी बांधली जाते, आणि घरची माणसे वेशीपर्यंत तिच्याबरोबर चालत जातात. परंतु याच शब्दाला काळाच्या ओघात दुसराही अर्थ चिकटला. दारी आलेल्याला चार गोड शब्द सांगून, हातावर काहीतरी टेकवून परत लावणे, यालाही आपण 'बोळवण करणे' असेच म्हणतो. एकाच शब्दात मायेचा कळवळा आहे आणि टाळाटाळही आहे. मंडळीतील एखादा तरुण किंवा तरुणी दूरदेशीच्या सेवाकार्यासाठी निघते आणि आपल्यापाशी साहाय्य मागते, तेव्हा आपल्या हातून यांपैकी कोणती बोळवण होते, हा आजच्या मननाचा विषय आहे.

असे प्रसंग आता आपल्या मंडळ्यांतही येऊ लागले आहेत. कोणी परिचारिका असते, कोणी शिक्षक, कोणी शेतकीचा पदवीधर. आफ्रिकेतील किंवा आशियातील एखाद्या गरीब देशातील रुग्णालयात अथवा शाळेत वर्षभर स्वयंसेवक म्हणून काम करण्याची संधी त्याला मिळते. राहण्याजेवणाची सोय तेथे होणार असते. पगार मात्र नसतो. विमानभाडे, विमा, रोगप्रतिबंधक लसी, व्हिसा आणि पूर्वप्रशिक्षण यांचा खर्च ज्याचा त्याने उभा करायचा असतो. मग तो संकोचाने पाळकांकडे येतो, तरुण संघात बोलतो, नातलगांना पत्रे लिहितो. आपण त्याला व्यासपीठावर बोलावतो, शाल व श्रीफळ देतो, छायाचित्र काढतो. घरी जाताना मात्र आपापसांत म्हणतो, "नोकरी मिळाली नसेल," किंवा "लोकांच्या पैशावर जग पाहण्याची हौस, दुसरे काय?" हाच मुलगा आखातात नोकरीसाठी निघाला असता तर काकाने उसने पैसे दिले असते, आईने बांगड्या गहाण ठेवल्या असत्या, पतपेढीनेही कर्ज मंजूर केले असते. मिळवण्यासाठी जाणाऱ्यास कर्ज मिळते आणि देण्यासाठी जाणाऱ्यास उपदेश मिळतो, ही आपली रीत आहे. शास्त्राची रीत कोणती आहे ते पाहू.

1. मागणे म्हणजे भीक नव्हे

रोम येथील मंडळीला पौलाने लिहिलेले पत्र आपण सिद्धांतांचे पत्र म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. परंतु पंधराव्या अध्यायात हा थोर शिक्षक एक अगदी व्यावहारिक गोष्ट बोलतो. त्याला स्पेन देशी जायचे आहे. वाटेत रोमला उतरून तेथील बंधुजनांचा सहवास घ्यावा आणि पुढच्या प्रवासास त्यांनी त्याला पोहोचवावे, अशी आशा तो व्यक्त करतो. त्या मंडळीतील बहुतेकांना तो कधी भेटलेला नाही. ती त्याने स्थापलेलीही नाही. तरी तो मागतो, आणि मागताना लाजत नाही.

येथे मूळ ग्रीक भाषेत जे क्रियापद आहे त्याचा अर्थ नुसता निरोप देणे असा नाही. प्रवाशाला वाटखर्च, शिदोरी, गरज पडल्यास सोबत देऊन पुढे पाठवणे, असा त्याचा आशय आहे. आपल्या 'बोळवण' या शब्दाचा जो पहिला आणि चांगला अर्थ, तोच हा. तीताला लिहिताना जेना शास्त्री आणि अपुल्लोस यांच्यासाठी पौल हाच शब्द वापरतो आणि त्यांना कशाचीही उणीव भासू नये अशी ताकीद देतो. गायसाला लिहिलेल्या पत्रात योहान त्याच शब्दाने आणखी उंच माप सांगतो: देवाला शोभेल अशी त्यांची पाठवणी व्हावी. अशा माणसांना जे आधार देतात ते सत्याच्या कामात सहकारी होतात, असेही तो म्हणतो. भिकाऱ्याला आपण दान देतो आणि संबंध तेथेच संपतो. सहकाऱ्याला आपण वाटा देतो, आणि संबंधाला तेथून आरंभ होतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. स्पेनविषयी लिहीत असतानाच पौल यरुशलेमेतील गरिबांसाठी मासेदोनिया व अखया येथे जमलेल्या वर्गणीचा उल्लेख करतो. गरिबांसाठी जमलेला पैसा वेगळा आणि त्याच्या स्वतःच्या प्रवासाला हवे असलेले साहाय्य वेगळे. तो एकाची थैली दुसऱ्यात रिती करीत नाही. आज जो तरुण 'गरिबांसाठी मदत' म्हणून पैसे मागतो आणि त्यातून स्वतःचे तिकीट काढतो, त्याने हा अध्याय पुन्हा वाचावा. "हा माझ्या प्रवासाचा खर्च आहे, हा विम्याचा आहे, आणि हा तेथील कामासाठी आहे," असे त्याने स्पष्ट सांगावे. खरे सांगून मागितलेले थोडे धन झाकून मागितलेल्या पुष्कळ धनापेक्षा अधिक पवित्र असते.

आपल्यापर्यंत सुवार्ता पोहोचली तीही अशाच मागण्यातून आणि देण्यातून. 2 ऑक्टोबर 1792 रोजी इंग्लंडमधील केटरिंग गावी एका विधवेच्या घरातील मागच्या खोलीत मूठभर पाळक जमले आणि त्यांनी 13 पौंड 2 शिलिंग 6 पेन्स एवढी वर्गणी देण्याचे कबूल केले. विल्यम केरी यांच्यापाशी रोख देण्यास काही नव्हते. आपल्या छोट्या पुस्तकाच्या विक्रीतून मिळेल ते त्यांनी देऊ केले. त्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या कार्यातून पुढे 1805 साली मराठी भाषेचे व्याकरण, 1810 साली मराठी कोश आणि 1811 साली मराठी नवा करार छापला गेला. भारतात आल्यावर केरींनी निळीच्या कारखान्यात नोकरीही केली; तंबू शिवून पोट भरणाऱ्या पौलाचेच ते अनुकरण होते. मागणाऱ्याने प्रथम स्वतःचे काय घातले, हा प्रश्न विचारण्याचा मंडळीला अधिकार आहे. आणि ज्याने स्वतःचे घातले आहे त्याला मान वर करून मागण्याचा अधिकार आहे.

2. जयपूरचा धडा

पैसा जमवणे ही अर्धीच गोष्ट झाली. कोणाला, कशासाठी आणि कोणाच्या गरजेसाठी पाठवायचे, हा उरलेला आणि अधिक कठीण अर्धा भाग. येथे आपल्याच देशातील एक शहर आपल्याला शिकवू शकते.

जयपूरला पाश्चात्त्य देशांतील तरुण स्वयंसेवक अनेक वर्षे येत आले आहेत. आपापल्या गावी वर्गणी जमवून, केक विकून, सायकलवर लांबचे पल्ले मारून त्यांनी पैसे उभे केलेले असतात. त्यांच्याकडे ही रीत इतकी रुळलेली आहे की, 2011 साली ब्रिटिश सरकारच्या पैशावर सुरू झालेल्या 'इंटरनॅशनल सिटिझन सर्व्हिस' या योजनेतही 18 ते 25 वयाच्या प्रत्येक स्वयंसेवकाने 800 पौंड लोकांकडून जमवावेत अशी अपेक्षा होती. बहुतेक खर्च सरकार उचलीत असतानाही ती अट होती. पाठवणारा समाज कामात सहभागी व्हावा, हा अशा अटीचा लाभ असतो. यात घेण्यासारखे आहे. परंतु प्रश्नही आहे. काही आठवड्यांसाठी आलेला, भाषा न जाणणारा तरुण अनाथालयातील मुलांशी खेळतो, मुले त्याला बिलगतात, आणि तो निघून जातो. पुढच्या महिन्यात दुसरा येतो. जाणाऱ्याच्या मनाला समाधान मिळाले. पण पुन्हा पुन्हा ताटातूट सोसणाऱ्या त्या बालकाला काय मिळाले? ज्या सेवेचे माप सेवकाच्या समाधानावरून घेतले जाते, ती सेवा कोणाची?

त्याच जयपूर शहरात या प्रश्नाचे उत्तर एका पायाच्या रूपाने मिळते. सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिरोगतज्ज्ञ काम करीत होते. पाय गमावलेल्यांना परदेशी पद्धतीचा कृत्रिम पाय बसवला जाई. पण तो घेऊन घरी गेलेला शेतकरी काही दिवसांनी पुन्हा कुबड्यांवर दिसे. पायात दोष नव्हता. तो बूट घालणाऱ्या आणि खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी बनवलेला होता. आपला माणूस उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो, अनवाणी चिखलात उतरतो, आणि देवळाच्या पायरीशी पादत्राणे काढतो. अल्पशिक्षित पण कुशल कारागीर रामचंद्र शर्मा, ज्यांना सारे 'मास्टरजी' म्हणत, यांनी डॉ. सेठींच्या बरोबर 1968 च्या सुमारास रबराचा असा पाय घडवला की, तो घालून हे सर्व करता यावे. टायरला रबर चढवणाऱ्या कारागिरांची विद्या त्यासाठी कामी आली. डॉ. सेठींना 1981 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण त्या पायाचे पेटंट त्यांनी घेतले नाही.

पुढे 1975 साली देवेंद्रराज मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली. 1969 साली झालेल्या भीषण अपघातात त्यांचा स्वतःचा पाय जाता जाता वाचला होता. या समितीत येणाऱ्याकडून पायाचे पैसे घेत नाहीत; दुरून आलेल्याची राहण्याची व जेवणाची सोय होते. तिचे कारागीर साहित्य घेऊन आफ्रिका, आशिया व लॅटिन अमेरिकेतील देशांत जातात, काही आठवड्यांचे शिबिर भरवतात, आणि शेकडो माणसांना उभे करून परततात. 2018 साली महात्मा गांधींच्या जन्माच्या दीडशेव्या वर्षानिमित्त भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयानेही अशा शिबिरांचा खर्च उचलण्याची योजना सुरू केली. ज्या शहराकडे बाहेरचे सेवक येत होते, त्याच शहरातून आता सेवक बाहेर जात आहेत.

हे कार्य ख्रिस्ती मंडळीचे नाही. परंतु शोमरोनी माणसाला उदाहरण म्हणून पुढे करणाऱ्या प्रभूच्या शिष्यांनी इतरांच्या चांगुलपणापासून शिकण्यास संकोच करू नये. जयपूरचा धडा असा: मदत घेणाऱ्याच्या पायाला बसली पाहिजे. देणाऱ्याच्या घरी ती कितीही सुंदर दिसो, घेणाऱ्याच्या चिखलात ती चालत नसेल तर ती कोपऱ्यात पडून राहील.

म्हणून परदेशी निघालेल्या आपल्या तरुणाला मंडळीने प्रेमाने पण स्पष्टपणे तीन प्रश्न विचारावेत. तुला तेथील कोणत्या लोकांनी बोलावले आहे? तेथील माणसाला करता येणार नाही, किंवा त्याला शिकवता येईल, असे तुझ्या हातात कोणते कौशल्य आहे? आणि तू परतल्यावर ते काम कोण चालवणार? या प्रश्नांना त्याच्यापाशी उत्तरे असतील तर आपली थैली मोकळी करावी. नसतील तर त्याला हिणवू नये. आणखी शिकण्यास, आणखी चौकशी करण्यास सांगावे. तीही बोळवणच आहे, आणि चांगल्या अर्थाची आहे.

3. निवड एकट्याची नव्हे

जयपूरपासून शंभरेक किलोमीटरवर अजमेर जिल्ह्यात तिलोनिया हे गाव आहे. 1972 साली बंकर रॉय यांनी तेथे सुरू केलेली संस्था 'बेअरफूट कॉलेज' या नावाने जगाला ठाऊक झाली. आफ्रिकेतील व इतर देशांतील खेड्यांतून आजीच्या वयाच्या, बहुधा निरक्षर स्त्रिया तेथे येत, सहा महिने राहून रंगांच्या व खुणांच्या साहाय्याने सौरदिवे बसवण्याची व दुरुस्त करण्याची विद्या शिकत, आणि परत जाऊन आपले गाव उजळीत. भारत सरकारने अनेक वर्षे त्यांच्या प्रवासाचा व शिक्षणाचा खर्च दिला. परंतु कोणाला पाठवायचे ते गावाने बसून ठरवायचे, आणि दिव्यांच्या देखभालीसाठी घरटी दरमहा काही रक्कम द्यायची, अशी पद्धत होती. तरुणाला पाठवले तर तो विद्या घेऊन शहराकडे जाईल. आजी मात्र परत येईल, हा त्यामागचा अनुभव होता.

अंत्युखियाच्या मंडळीचे चित्र याहून वेगळे नाही. प्रेषितांची कृत्ये तेराव्या अध्यायात बर्णबा व शौल स्वतःहून पिशवी उचलून निघाले नाहीत. मंडळी उपास व प्रार्थना करीत असता पवित्र आत्म्याने त्यांना वेगळे करण्यास सांगितले, आणि मंडळीने हात ठेवून त्यांना पाठवले. आपल्याकडे असे होते की, तरुण एकटाच अर्ज करतो, एकटाच निवडला जातो, आणि पैसे लागतात तेव्हा मंडळीला प्रथम कळते. अशा वेळी मंडळी केवळ दाता होते, पाठवणारी होत नाही. तरुणांनो, पैशांच्या आधी प्रार्थना मागा. निर्णयाच्या आधी सल्ला मागा. आणि वडीलजनहो, तरुण विचारावयास येतील असे दार उघडे ठेवा.

"आपल्याच देशात का गरिबी थोडी आहे?" असे कोणी म्हणेल. हा प्रश्न प्रामाणिक आहे. पण त्याच अंत्युखियाने यहूदीयातील दुष्काळासाठीही मदत पाठवली होती, हे अकराव्या अध्यायात लिहिले आहे. ज्या मंडळीला जवळचे दिसत होते, तिलाच दूरचेही दिसले. शिवाय, मिरजेत 1894 साली डॉ. विल्यम वानलेस यांनी रुग्णालय उभारले तेव्हा त्यांच्या मायदेशी गरीब नव्हते काय? आपण पिढ्यान्पिढ्या घेतले आहे. घेतलेले फेडण्याची जागा नेहमी देणाऱ्याचे दारच असते असे नाही. ते पुढच्याला द्यावयाचे असते.

4. हिशेब आणि परतभेट

दुसऱ्या करिंथकर पत्राच्या आठव्या अध्यायात पौल वर्गणी नेण्यासाठी तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक बंधू देतो. एवढ्या मोठ्या रकमेविषयी कोणी बोट दाखवू नये, देवासमोर आणि माणसांसमोरही व्यवहार चोख असावा, असे कारण तो सांगतो. फिलिप्पैकरांना लिहिताना, सर्व काही मिळाले, हे सांगण्यासाठी तो त्या काळी पावतीवर लिहिला जाणारा शब्द वापरतो. प्रेषिताने पावती दिली. मग आपण का देऊ नये?

आपल्या पंडिता रमाबाईंचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. 1883 साली इंग्लंडला जाताना त्यांनी प्रवासखर्चासाठी आपल्या 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाच्या विक्रीचा पैसा वापरला. प्रथम स्वतःचे घातले. पुढे अमेरिकेत त्यांनी गावोगावी भाषणे करून विधवांच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले, आणि 1887 साली बॉस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे आधार देण्याचे पत्करले. त्यातून 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले. दहा वर्षांची मुदत भरली तेव्हा 1898 साली रमाबाई स्वतः अमेरिकेला गेल्या आणि झालेल्या कार्याचा वृत्तांत त्यांनी देणाऱ्यांसमोर ठेवला. मागण्यासाठी समुद्र ओलांडणारे पुष्कळ असतात. हिशेब देण्यासाठी ओलांडणारे थोडे.

पौल व बर्णबा यांनीही पहिल्या प्रवासाहून परतल्यावर अंत्युखियात मंडळीला जमवून देवाने काय केले ते सांगितले. ज्यांना पाठवले त्यांनी परत येऊन बोलावे आणि पाठवणाऱ्यांनी बसून ऐकावे. वर्षभर रुग्णांची सेवा करून आलेल्या मुलीला रविवारी दोन मिनिटे बोलू देऊन "वेळ झाली" म्हणणारी मंडळी तिची दुसऱ्या अर्थाने बोळवण करते.

प्रियजनहो, देण्याचे माप रकमेवरून ठरत नाही. मासेदोनियाच्या मंडळ्यांनी अतिदारिद्र्यातून दिले. प्रत्येक मंडळीला विमानाचे तिकीट काढता येणार नाही. पण विम्याचा एक हप्ता भरता येईल, दरमहा थोडी रक्कम बाजूला ठेवता येईल. एखाद्या म्हाताऱ्या बाईला दर बुधवारी त्या तरुणाचे नाव घेऊन प्रार्थना करता येईल. कोणी त्याच्या मागे राहिलेल्या आईला दवाखान्यात नेईल. हेही त्याच वर्गणीत जमा होते. दिमिष्काच्या तटावरून पौलाला पाटीत बसवून रात्री खाली सोडण्यात आले, तेव्हा वर दोर कोणी धरला होता त्यांची नावे शास्त्रात नाहीत. परंतु तो दोर त्यांच्या हातून सुटला असता तर रोमकरांस पत्र आपल्या हाती आले नसते. काही जण खाली उतरण्यासाठी बोलावलेले असतात, आणि बहुतेक जण दोर धरण्यासाठी. मात्र दोर धरणाऱ्याच्याही तळहातांना वळ उठावे लागतात. ज्याला काहीच सोसावे लागत नाही त्याने दोर धरलेलाच नसतो.

तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या मंडळीतील कोणी असा निरोप मागावयास उभा राहील, त्या वेळी त्याला प्रश्न विचारा, त्याच्यासाठी गुडघे टेका, आणि मग देवाला शोभेल अशी त्याची बोळवण करा.

प्रार्थना : हे प्रभू, तू आपल्या पुत्राला आमच्याकडे पाठवलेस. ज्यांना तू पाठवतोस त्यांना खरेपणा आणि नम्रता दे. आम्हांस उदार हात आणि स्मरण ठेवणारे मन दे. जे दूरदेशी आमच्या साहाय्याची वाट पाहतात त्यांची खरी गरज आम्हांस दिसू दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.